डावीकडची नदी

पत्र टाइप होऊन माझ्या टेबलावर आलं होतं. खाली माझं नाव आणि सहीसाठी मोकळी जागा. समोरच्या खुर्चीत माझे पेशंट अंबादासमामा बसले होते, त्यांच्यामागे त्यांच्या बायको सरोजामामी उभ्या होत्या. मामा म्हणाले, "मॅडम, आता करा की सही. सहा महिने झाले."

मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सोलापुरातल्या एका छोट्या रिहॅब सेंटरमध्ये बावीस वर्षं काम करते. आम्ही शेक देतो आणि मालिश करतो, असा बऱ्याच लोकांचा समज असतो. आमच्या सेंटरमध्ये मुख्यतः लकव्याचे पेशंट येतात. त्यांना आधी बसवायचं, मग उभं करायचं, मग चालवायचं आणि शेवटी घरी पाठवायचं, हे माझं काम. पेशंट कामावर जाण्याइतका बरा झाला की तसं पत्र द्यायचं, हेही माझंच काम.

मामा भवानी पेठेतले. वय बावन्न. टॉवेलच्या कारखान्यात चार लूम सांभाळायचे. लूम सांभाळणं म्हणजे दोन रांगांमधल्या चिंचोळ्या गल्लीत दिवसभर फिरत राहायचं. धागा तुटला की लूम थांबवायचा, गाठ मारायची, परत चालू करायचा. घरची भाषा तेलुगू, पण मराठी अस्सल सोलापुरी. एके दिवशी सकाळी चहा पिताना कप हातातून सुटला आणि डावी बाजू गेली. आमच्याकडे आणलं तेव्हा त्यांना नीट बसताही येत नव्हतं.

तिथपासून मामांनी जी मेहनत घेतली तशी मी क्वचित पाहिलीय. सांगितलेला व्यायाम दहा वेळा असेल तर ते पंधरा वेळा करायचे. सरोजामामी घरी विड्या वळतात. त्या पानं, तंबाखू सोबत घेऊन यायच्या आणि व्यायाम होईपर्यंत बाहेरच्या बाकावर वळत बसायच्या. हळूहळू पाय उचलू लागला, हात वर गेला, बोटांना गाठ मारता येऊ लागली. आता मामा आमच्या हॉलमध्ये कुणाचा हात न धरता चालत होते. कारखान्याच्या मालकांनी जागा राखून ठेवली होती. दवाखान्याचं पत्र आणा आणि सोमवारपासून या, असा निरोप होता.

मला खटकत होतं ते एवढंच, की मामांना मी फक्त आमच्या हॉलमध्ये चालताना पाहिलं होतं. हॉलची फरशी सपाट. वाटेत काही नाही. कारखान्यात खाली सुताचे गुंते, तेलाचे डाग, बाजूला चालू मशिनं. डावं पाऊल अजून थोडं घासत होतं. एकदा तोल गेला तर हात टेकायला लूमशिवाय दुसरं काही नाही.

मी आमच्या सेंटरच्या डॉक्टरसरांकडे गेले. सर म्हणाले, "सगळ्या टेस्ट झाल्या ना? मग अडवून का ठेवलंय त्यांना?"

मी म्हटलं, एकदा खडबडीत जमिनीवर चालवून बघते. भवानी पेठेतल्या बोळात टू-व्हीलर अंगावर येतात, तिथे टेस्ट घेता येत नाही. सरांनीच जागा सुचवली. गावाबाहेर सीनेच्या काठाला एक वनउद्यान आहे. तिथे नदीच्या कडेकडेनं झाडीतून पायवाट केलीय. सरांच्या आई रविवारी जातात, वय अठ्ठ्याहत्तर. "तिथे चालले तर सही कर," सर म्हणाले.

मी टेबलाशी परत आले आणि मामांना सांगितलं की परवा सकाळी फिरायला जायचंय. मामांचा चेहरा उतरला. फिरायला जायची वेळ आहे का ही, असं काहीतरी ते मामींना तेलुगूत बोलले. मला तेलुगू फारसं कळत नाही, पण सूर कळला.

आदल्या दिवशी मी एकटी जाऊन वाट चालून आले. आमच्या धंद्यातल्या माणसाला झाडं नंतर दिसतात, आधी जमीन दिसते. उतार किती, मुळं कुठे, बसायची सोय किती अंतरावर. गेटजवळ हिरवी पाटी होती, 'सोपी वाट, १ किमी'. पाटी खरं बोलत होती. मुरमाची वाट, चढ जवळजवळ नाही. करंज, लिंब, बाभळी, मधूनमधून सागाची रोपं. एका बाजूला झाडी आणि दुसऱ्या बाजूला पंधरा-वीस पावलांवर नदी, मध्ये गवताचा उतार आणि तुरळक झाडं. वाट एका मोठ्या वडाच्या पारापाशी संपते आणि त्याच वाटेनं परत यायचं. वाटेच्या दोन्ही कडांना ठरावीक अंतरावर झाडांची नावं लिहिलेल्या पाट्या होत्या. एकच अडचण होती. बऱ्याच ठिकाणी वाट एका माणसापुरतीच होती.

ही अडचण का, ते सांगते. पेशंटला चालवताना आम्ही नेहमी त्याच्या कमजोर बाजूला उभं राहतो. तोल जाणार तर त्याच बाजूला जाणार, म्हणून. सहा महिने मी मामांच्या डाव्या बाजूला उभी होते. इथे मात्र मला त्यांच्या मागून चालावं लागणार होतं. मी कमरेला बांधायचा पट्टा सोबत घेतला. तो मागून धरला की पेशंट घसरला तरी सावरता येतो.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं रिक्षानं गेलो. थंडीचे दिवस होते, ऊन कोवळं होतं. मामा पांढरा शर्ट घालून, केस चापून आले होते. परीक्षेला आल्यासारखे. मी पट्टा बांधला, फोनवर व्हिडिओ चालू करून मामींच्या हातात दिला आणि मागून शूटिंग करायला सांगितलं. पाऊल कसं पडतं ते नंतर सावकाश बघता येतं.

पहिली दोनशे पावलं मामा सुरेख चालले. मुरमावर टाच आधी, मग चवडा, जसं शिकवलं होतं तसं. मी मनात सही करून टाकली होती.

मग ते वाटेच्या डावीकडे सरकायला लागले. वाट सरळ होती, पण मामा थोडे थोडे डाव्या कडेला जात होते. एका बाभळीची फांदी वाटेवर आली होती. मला वाटलं ते वाकतील किंवा बाजूला होतील. ते सरळ त्या फांदीतून गेले. शर्टाची बाही टरकन फाटली. मामा थांबलेही नाहीत. मी थांबवलं. दंडावर लांब ओरखडा उठला होता आणि रक्त आलं होतं. मामांनी दंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कवा झालं?"

डाव्या हाताला संवेदना कमी आहे, म्हणून कळलं नसेल, असं मी स्वतःला समजावलं. पुढे गेलो. थोड्या अंतरावर एक मूळ वाटेवर अर्धं आलं होतं, डावीकडून. चांगलं मनगटाएवढं जाड. मामांचा डावा पाय त्यात अडकला. पट्टा हातात होता म्हणून मी सावरलं. नाहीतर ते तोंडावर पडले असते. मी विचारलं, "मामा, मूळ दिसलं नाही का?"

"दिसलं असतं तर पाय घातला असता व्हय?" ते चिडून म्हणाले.

थकले असतील, असं मला वाटलं. पारापर्यंत नेलं, बसवलं, नाडी बघितली, पाणी दिलं. सगळं ठीक होतं. सरोजामामी जरा लांब उभ्या राहून नदीकडे बघत म्हणाल्या, यंदा पाणी लई हाय. मामांनी काहीच उत्तर दिलं नाही. मामींनी माझ्याकडे बघून खांदे उडवले. हे असंच चालतं, अशा अर्थानं.

दहा मिनिटांनी आम्ही परत फिरलो. वीस-पंचवीस पावलं झाली असतील. मामा एकदम थांबले. उजवीकडे मान वळवून बघत राहिले. चेहऱ्यावर हसू आलं.

"नदी हाय की हितं," ते म्हणाले. "मॅडम, जाताना ह्या वाटेनं का न्हाय नेलं? चांगली वाट हाय ही."

सरोजामामी हसल्या. मामा गंमत करतायत असं त्यांना वाटलं. मग त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि हसणं थांबवलं.

आम्ही त्याच वाटेनं परत चाललो होतो. जाताना नदी डावीकडे होती. जवळजवळ एक किलोमीटर हा माणूस नदीच्या कडेनं चालत गेला आणि त्याला नदी होती हेच माहीत नव्हतं.

मी मामांना तिथेच उलटं फिरवलं. नदी परत डावीकडे आली. विचारलं, "मामा, नदी कुठाय?"

ते उजवीकडच्या झाडीत शोधायला लागले. वाकून, फांद्यांच्या मधून. बराच वेळ शोधलं. मग म्हणाले, "आत्ता हितंच होती."

मी त्यांच्यासमोर उभी राहिले. माझ्या नाकाकडे बघा म्हटलं. डावीकडे एक बोट हलवलं, ते म्हणाले, हललं. उजवीकडे हलवलं, तेही बरोबर सांगितलं. म्हणजे डोळे बघत होते. मग दोन्हीकडची बोटं एकदम हलवली. मामा म्हणाले, फक्त उजवं हललं. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

आमच्या भाषेत याला नेग्लेक्ट म्हणतात. मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की काही पेशंटना हे होतं. डोळ्याला डावीकडचं दिसतं, कानाला ऐकू येतं, पण मेंदू तिकडे लक्षच देत नाही. त्या माणसाच्या लेखी जग उजवीकडेच असतं. यातली वाईट गोष्ट अशी की त्याला काही राहून गेलंय हे कळत नाही. आपल्याला डोक्याच्या मागचं दिसत नाही म्हणून आपण कधी खंत करतो का? तसंच ते.

आमच्या हॉलमध्ये हे दिसलं नव्हतं, कारण मामांच्या डावीकडे कायम मी उभी होते. ते डावीकडे सरकले की मला लागायचे आणि मी त्यांना नकळत परत सरळ करायचे. सहा महिने मीच त्यांची डावी बाजू झाले होते.

मामींना मी थोडक्यात सांगितलं. त्या वाटेतच खाली बसल्या. मग एकेक सांगू लागल्या. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. त्यांना वाटायचं आवडली नाही. दाढी करतात तर डावा गाल अर्धा राहतो. त्यांना वाटायचं कंटाळा. शेवटी त्या म्हणाल्या, "मी घरात ह्यांच्या डाव्या अंगाला बसते विड्या वळायला. काय बोलले तरी हे वळून बघत न्हाईत. मला वाटलं, आजारपणाचा राग माझ्यावर काढतात. सहा महिने मी आपली गप बसते."

मामा ऐकत होते. म्हणाले, मला सगळं दिसतंय, तुमी दोघी उगंच काहीतरी काढताय. खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मग मला व्हिडिओ आठवला. मी फोन घेतला आणि मामांच्या चेहऱ्यासमोर न धरता चांगला उजवीकडे धरला, सगळा पडदा त्यांच्या लक्षात येईल असा. मामींनी मागून काढलेलं शूटिंग. पांढरा शर्ट घातलेला माणूस चाललाय, त्याच्यामागे मी पट्टा धरून, आणि बाजूला उन्हात चमकणारी नदी.

मामांनी एकदा बघितलं. परत लावा म्हणाले. दुसऱ्यांदा बघताना बाभळीची फांदी आली तेव्हा त्यांचा उजवा हात फाटक्या बाहीवर गेला. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं नाही.

"हे मीच हाय," ते म्हणाले. आणि मग, "लूमच्या गल्लीत एका अंगाला एक लूम आणि दुसऱ्या अंगाला दुसरा. डावीकडचा मला न्हवताच की मग."

मला जे सांगायला जड जात होतं ते त्यांनीच सांगून टाकलं. चालू लूममध्ये सपासप ये-जा करणारा धोटा, पट्टे, सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. आम्ही गेटकडे निघालो. त्या वेळी मामी उजवीकडून चालत होत्या, उतारावरून, आणि मामा मधूनमधून त्यांच्याकडे बघत होते.

सेंटरवर येऊन सरांना सगळं सांगितलं. सरांनी फाइल मागवली. पहिल्या दिवसाच्या फॉर्मवर या तपासणीचा एक रकाना असतो. पेशंटला कागदावरच्या रेघेचा मध्य दाखवायला सांगायचं, विखुरलेल्या चांदण्यांवर फुल्या मारायला सांगायचं. पाच मिनिटांचं काम. त्या रकान्यात लिहिलं होतं, 'पेशंटला बसता येत नाही, नंतर घ्यावी.' अक्षर माझं होतं. नंतर कुणी घेतली नव्हती. कुणी म्हणजे मी.

सरांनी ती ओळ वाचली. मग म्हणाले, "उद्यापासून घे." एवढंच. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

टाइप केलेलं पत्र मी फाडलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नजर तपासून घेतली, ती ठीक निघाली. मग आमचं नवं काम सुरू झालं. मामींनी जागा बदलली नाही, उलट मीच सांगितलं की डावीकडेच बसा आणि मामांनी वळून बघेपर्यंत बोलत राहा. ताटाच्या डाव्या कडेला लाल दोरा लावला. दोरा दिसेपर्यंत मान वळवायची, मगच जेवायचं. मामांना टॉवेलची किनार म्हणजे काय हे शिकवायला नको होतं. मी म्हटलं, प्रत्येक गोष्टीला डावी किनार असते, ती सापडेपर्यंत शोधायची. हे त्यांना माझ्या सगळ्या व्यायामांपेक्षा लवकर पटलं.

दर गुरुवारी नदीकाठच्या वाटेवर जायचो. जाताना डाव्या हाताच्या झाडांच्या पाट्या वाचून दाखवायच्या. तशा नऊ होत्या. पहिल्या गुरुवारी मामांनी दोन वाचल्या. महिनाभरात पाच. अडीच महिन्यांनी आठ. नववी पाटी शिसवाची, ती गवतात होती आणि खरं सांगायचं तर मलाही पहिल्यांदा दिसली नव्हती.

पण शांत वाटेवर पाट्या वाचणं वेगळं आणि खडखडाटात चार लूम बघणं वेगळं. दमले, कुणी हाक मारली, गडबड झाली की डावी बाजू अजूनही हातातून निसटायची. मी कारखान्याच्या मालकांना भेटायला बोलावलं. लूमवर घेऊ नका, असं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, चालतोय तर चांगला. मी व्हिडिओ दाखवला. मामांची परवानगी घेतली होती. मालकांनी तो दोनदा बघितला आणि चेकिंगच्या टेबलावर बसवतो म्हणाले. चेकिंग म्हणजे तयार टॉवेल पसरून त्यात कुठे धागा सुटलाय, कुठे डाग आहे, ते बघणं.

मला धास्ती होती की टॉवेलच्या डाव्या अर्ध्यातले दोष राहून जातील. पंधरा दिवसांनी मी कारखान्यात गेले. मामा टेबलाशी उभे होते. टॉवेल पसरायचा, बघायचा, मग गर्रकन उलटा फिरवून परत बघायचा. मी विचारलं, हे कुणी सांगितलं. म्हणाले, कुणी न्हाय. डावं मला जमत न्हाय तर डाव्याला उजवीकडं आणायचं. वेळ जास्त लागतो, पण सुपरवायझर म्हणाला की इतरांच्या नजरेतून सुटलेलं यांना सापडतं. ते मात्र साहजिक होतं. इतर जण एकदाच बघतात.

त्यानंतरच्या आठवड्यात मी जुन्या फाइल काढल्या. डाव्या बाजूच्या लकव्याचे, मीच बरे म्हणून घरी पाठवलेले पेशंट. त्या रकान्यात 'नंतर घ्यावी' लिहिलेल्या अकरा फाइल निघाल्या. सर म्हणाले, एवढं उकरून काढायची गरज आहे का, लोक भांडायला येतील. मी म्हटलं, येऊ देत. मग जेवणाच्या सुट्टीत एकेकाला फोन लावत गेले.

नऊ जण येऊन गेले आणि ठीक निघाले. एकाचा फोन लागला नाही. अकरावे केम गावचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, मला सोडून वर्ष झालं. आता काय एकदम?"

मी म्हटलं, "सर, एक तपासणी तेव्हा माझ्याकडून राहून गेली होती. चूक माझी आहे. ती करायला एकदा या आणि तोपर्यंत गाडी चालवू नका."

मी पुढचं ऐकून घ्यायची तयारी केली. चूक कबूल करायला आपण जितके घाबरतो, तितकी समोरची माणसं रागावत नाहीत, हे मला बावीस वर्षांनी कळलं.

"गाडी मागच्याच महिन्यात दोनदा धडकली," ते म्हणाले. "दोन्ही वेळा डावीकडून. उद्या किती वाजता येऊ?"